‘अनाम कारागीर’ : जपानी लोककुंभकलेच्या सौंदर्यविचाराचे एक परीक्षण

रोहा तालुक्यातील खांब हे गाव मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून कोलाडकडे जाताना लागते. या गावी आम्ही काही उपासक-उपासिका वर्षावासाच्या काळात दर रविवारी एकत्र बसून ग्रंथवाचन करतो. बहुधा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ किंवा निकायातील एखादे सुत्त घेतले जाते. यंदा मात्र एका तरुण मित्राच्या आग्रहामुळे आम्ही एक वेगळाच ग्रंथ हाती घेतला. जपानी विचारवंत यानागी सोएत्सू यांच्या निबंधांचे ‘द अननोन क्राफ्ट्समन’ हे इंग्रजी संकलन इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच यांनी सिद्ध केले व ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथाचा विषय मातीची भांडी, कापड, लाकूडकाम असा साधा दिसतो. परंतु लेखकाचा दावा साधा नाही. सामान्य कारागिराच्या हातून घडलेल्या सामान्य भांड्यात जे सौंदर्य दिसते त्याचे खरे स्पष्टीकरण बौद्ध धम्मातच सापडते, असे यानागी यांचे म्हणणे आहे. हा दावा धम्माच्या नावाने केलेला असल्यामुळे त्याचे परीक्षण करणे हे आम्हांस कर्तव्य वाटले.

वाचन चालू असताना आमच्यातील एका वयोवृद्ध उपासकांनी मध्येच प्रश्न केला, “कारागिराला नाव नाही हे त्याचे थोरपण, की त्याला नाव कुणी विचारलेच नाही?” पुढील विवेचन म्हणजे या एका प्रश्नाचाच विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रथम यानागी यांची भूमिका न्यायाने मांडली पाहिजे. यानागी (१८८९-१९६१) हे सुशिक्षित, संपन्न घरातील गृहस्थ होते. १९२५ च्या सुमारास हामादा शोजी व कावाई कान्जिरो या दोन कुंभकारांसह त्यांनी ‘मिंगेइ’ हा शब्द प्रचारात आणला. मिंगेइ म्हणजे लोकांची कला, सामान्य जनांच्या नित्य वापरातील वस्तूंची कला. १९३६ साली तोकिओत त्यांनी या कलेचे संग्रहालय उघडले. त्यापूर्वी जपानातील रसिकवर्ग चहाच्या समारंभातील नामांकित वाडग्यांची चर्चा करीत असे, पण शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातील लोणच्याच्या बरणीकडे कोणी पाहत नसे. यानागी यांनी त्या बरणीकडे पाहावयास शिकविले. ही गोष्ट लहान नाही. राजवाड्यातील वस्तूइतकीच किंबहुना अधिक योग्यता झोपडीतील वस्तूला आहे, असे एका उच्चवर्गीय मनुष्याने आयुष्यभर सांगत राहणे याचे मोल आम्ही जाणतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. कोरिया हा १९१० पासून जपानच्या अमलाखाली होता. १९२२ साली सेऊलचा ग्वांगह्वामुन हा राजवाड्याचा दरवाजा जपानी सरकार पाडू पाहत होते, तेव्हा यानागी यांनी त्याविरुद्ध जाहीर लेखन केले. तो दरवाजा पाडला न जाता अन्यत्र हलविण्यात आला.

आता त्यांचा सिद्धान्त. यानागी म्हणतात की, सुंदर वस्तू घडवावी असा हेतू कारागिराच्या मनात नसतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, गावची माती, त्याच आकाराची हजारो वेळा केलेली पुनरावृत्ती यांच्या बळावर हात आपोआप चालतो. तेथे ‘मी’ उरत नाही. जो ‘मी’ सुंदर आणि कुरूप असा भेद करतो तोच नसल्यामुळे वस्तू त्या भेदाच्या पलीकडे जाते. याला आधार म्हणून ते सुखावतीव्यूह सूत्रातील अमिताभ बुद्धाच्या चौथ्या प्रतिज्ञेचा दाखला देतात. आपल्या क्षेत्रात रूपाने सुंदर आणि कुरूप असा भेद राहणार असेल तर आपण बुद्धत्व स्वीकारणार नाही, असा त्या प्रतिज्ञेचा आशय आहे. शिवाय शुद्धभूमी पंथाची ‘परबला’ची कल्पना ते कलेला लावतात. ज्याप्रमाणे अज्ञ भक्त स्वतःच्या प्रयत्नाने नव्हे तर अमिताभाच्या कृपेने तरून जातो, त्याप्रमाणे निरक्षर कारागीर परंपरेच्या कृपेने सुंदर वस्तू निर्माण करतो.

या विवेचनात खरे काय आहे? पुनरावृत्तीविषयी यानागी जे सांगतात ते खरे आहे, हे कुंभाराचे काम पाहिलेला कोणीही मान्य करील. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणणे, अंगठ्याने त्याला पोट पाडणे, दोन हातांत भिंत वर उचलणे, दोऱ्याने बूड कापून भांडे उतरविणे, मग ते थोडे सुकल्यावर आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने थापून त्याचे पोट फुगविणे, यांतील कोणतीही क्रिया विचार करीत बसून होत नाही. हात शिकलेला असावा लागतो. थापटण्याचा घाव किंचित जास्त पडला तर मडके फुटते आणि कमी पडला तर भिंत जाड राहून भाजताना तडकते. हे ज्ञान पुस्तकात नसते व त्याला अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे. येथेच यानागी यांच्याशी आमचा पहिला मतभेद होतो. ते या ज्ञानाला ‘न जाणणे’ म्हणतात आणि त्याचा गौरव करतात. आम्ही त्याला जाणणे म्हणतो. ज्याच्या हाताला माती किती ओली आहे हे बोट लावताच कळते तो अजाण कसा? अक्षरओळख नसणे आणि ज्ञान नसणे या दोन गोष्टी एकच मानण्याची सवय आपल्या देशात फार जुनी आहे. ती गौरवाच्या रूपाने आली म्हणून आपण फसू नये.

या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध निबंध किझाएमोन नावाच्या वाडग्यावर आहे. क्योतो येथील दाइतोकुजी विहारसमूहातील कोहोआन या मंदिरात तो जतन केलेला असून जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा मानले आहे. हा वाडगा जपानचा नव्हे, कोरियाचा. तेथील कोणा गरीब कुंभाराने गरिबाच्या घरच्या रोजच्या जेवणासाठी तो घडविला, असे यानागी सांगतात. १९३१ साली तो त्यांनी प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा त्याचा अतिसाधेपणा पाहून प्रथम त्यांना नवल वाटले आणि मग साधेपणातच त्याची थोरवी आहे असा त्यांचा निश्चय झाला. निबंध सुंदर आहे यात शंका नाही. परंतु किझाएमोन हे नाव कोणाचे? ते कुंभाराचे नाव नव्हे. ओसाकाच्या ताकेदा किझाएमोन नामक व्यापाऱ्याच्या मालकीत तो वाडगा होता म्हणून त्याला त्याचे नाव लागले. पुढे तो एका सरंजामदाराकडे गेला, मग मंदिराकडे. मालकांची परंपरा नावनिशीवार ठाऊक आहे, घडविणाऱ्याचा मात्र पत्ता नाही. यानागी या पत्ता नसण्यात अध्यात्म पाहतात. ज्या समाजात मालकाचे नाव टिकते आणि घडविणाऱ्याचे टिकत नाही, त्या समाजाची रचना कशी होती, हा प्रश्न या संपूर्ण निबंधात एकदाही उपस्थित होत नाही.

तो प्रश्न उपस्थित केला असता तर उत्तर दूर नव्हते. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीच्या सैन्याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना सरदारांनी अनेक कोरियन कुंभार क्युशू बेटावर नेले. आरिता येथे १६१६ च्या सुमारास सुरू झालेल्या चिनी मातीच्या उद्योगाचे श्रेय यी साम-प्योंग या अशाच एका कोरियन कुंभाराला दिले जाते. सात्सुमाची प्रसिद्ध भांडी घडविणारी घराणीही अशाच रीतीने आणलेल्यांची होत. या स्वाऱ्यांना जपानात ‘भांड्यांचे युद्ध’ असेही म्हटले जाते. ज्यांना आपली माती सोडून परक्या मातीवर काम करावे लागले, त्यांच्या हातातील शांततेचे वर्णन करताना यानागी यांना कोरियाच्या कलेत ‘दुःखाचे सौंदर्य’ दिसले. कोरियन समीक्षकांनी या कल्पनेवर पुढे कठोर टीका केली आणि ती आम्हांस योग्य वाटते. दुःख हे तथागतांनी सांगितलेले पहिले आर्यसत्य आहे, परंतु त्यांनी ते रसास्वादासाठी सांगितले नाही; त्याचे कारण शोधावे आणि त्याचा निरोध करावा यासाठी सांगितले.

चौथ्या प्रतिज्ञेविषयीही थोडे बोलले पाहिजे. ती प्रतिज्ञा कोणाविषयी आहे? ती त्या क्षेत्रात जन्मणाऱ्या जीवांविषयी, म्हणजे माणसांविषयी आहे. तिच्या अगोदरची तिसरी प्रतिज्ञा तर वर्णाविषयीच आहे; सर्वांची कांती एकच असावी असा तिचा आशय. सुखावतीची कल्पना आम्ही स्वीकारीत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात अशा परलोकाला स्थान नाही. तरीही ज्यांनी ही सूत्रे रचली त्यांच्यासमोर रूपावरून आणि वर्णावरून माणसामाणसांत भेद करणारे जग उभे होते, एवढे त्यांवरून स्पष्ट होते. यानागी यांनी माणसांसाठी केलेली प्रतिज्ञा भांड्यांना लावली. भांड्यांतील सुंदर-कुरूप भेद मिटला, पण भांडे घडविणारा आणि भांडे विकत घेऊन त्यावर निबंध लिहिणारा यांच्यातील भेद जागच्या जागी राहिला.

यावर कोणी म्हणेल की आम्ही एका जपानी रसिकाकडून नको ती अपेक्षा करीत आहोत. जपानात कुंभार अस्पृश्य नव्हते, हे खरे. तेथे चामड्याचे काम व मृत जनावरांची विल्हेवाट करणाऱ्या बुराकु लोकांवर ती पाळी आली. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला, तरी १९२२ साली त्यांना आपली ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना स्थापन करावी लागली; इतकेच नव्हे तर बौद्ध मंदिरांनी त्यांच्या मृतांना हीनतादर्शक मरणोत्तर नावे दिल्याचेही पुढे उजेडात आले. बौद्ध म्हणविणाऱ्या देशातही नाव देणे आणि नाव नाकारणे या गोष्टी किती निर्दोष असतात हे यावरून दिसेल. म्हणून ‘अनाम’ या शब्दाभोवती धूप जाळण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे.

सिद्धान्तापेक्षा प्रत्यक्ष गाव अधिक बोलके असते. क्युशूमधील ओइता प्रांतात, हिता शहराच्या वरच्या डोंगरात, ओन्ता नावाची कुंभारवस्ती आहे. जवळच्या कोइशिवारा येथून आलेल्या कुंभाराने १७०५ साली तेथे भट्टी सुरू केली असे मानले जाते. सुमारे दहा घरे आजही तोच व्यवसाय करतात. माती गावच्या डोंगरातीलच. ती कुटण्यासाठी ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी उखळ आहे, त्याला कारा-उसु म्हणतात. एका जाड ओंडक्याचे टोक पोखरून त्याची पन्हळ केलेली असते. ओढ्याचे पाणी त्यात भरले की ते टोक खाली झुकते, पाणी सांडते आणि हलके झालेले टोक वर जाताच दुसऱ्या टोकाचा मुसळासारखा घाव मातीवर पडतो. रात्रंदिवस हा आवाज गावात चालू असतो. डोंगरउतारावर पायरीपायरीने चढत जाणारी सामाईक भट्टी आहे. भांड्यांवर कुंभाराचे नाव नसते. ओला लेप दिलेल्या भांड्यावर चाक फिरत असताना लवचीक पट्टी टेकवून उठविलेल्या बारीक ठिपक्यांच्या ओळी ही त्यांची ओळख. यानागी १९३१ साली येथे आले, १९५४ साली लीच येऊन राहिले, आणि ओन्ता हे मिंगेइ विचाराचे जणू तीर्थस्थान झाले. १९९५ साली जपान सरकारने या कलेला महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या गावाचा सर्वांत सखोल अभ्यास ब्रायन मोरन या मानवशास्त्रज्ञाने केला असून तो १९८४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मोरन यांनी सौंदर्याची चर्चा बाजूस ठेवून पाणी, माती, लाकूड, पैसा आणि नातेसंबंध यांची चौकशी केली. त्यांतून दिसते ते असे. ओढ्यावर उखळे किती बसतील याला मर्यादा असल्याने किती माती तयार होईल आणि पर्यायाने किती घरे कुंभारकाम करतील यालाही मर्यादा पडते. घराचा धंदा एकाच मुलाकडे जातो, इतरांनी बाहेर पडावे. चाकावर पुरुष बसतो. माती चाळणे, निथळविणे, सुकविणे हे कष्ट मुख्यत्वे स्त्रिया करतात. मिंगेइची लाट आल्यावर मागणी वाढली, पैसा आला, आणि ज्या समूहभावाचे कौतुक करण्यासाठी रसिक येत होते त्या समूहभावालाच त्या पैशाने ताण दिला. कुंभार सुंदर समजून करीत ते समीक्षकांना आवडत नसे, आणि समीक्षकांना आवडे ते कुंभारांना कित्येकदा ओबडधोबड वाटे. ‘न जाणणाऱ्या’ कारागिराला स्वतःचे मत होते, एवढाच याचा अर्थ.

माशिको येथील एक उदाहरण तर आमच्या उपासिकांना फारच लागले. मिनागावा मासू ही तेथील निरक्षर स्त्री लहानपणापासून चहाच्या किटल्यांवर डोंगर, पाणी, झाडे असे तेच ते चित्र काढीत आली, दिवसाला शेकडो. यानागी यांनी तिच्या रेषेची मनःपूर्वक स्तुती केली आहे. तिचे नाव आपणांस ठाऊक झाले तेही या स्तुतीमुळेच, हे मान्य केले पाहिजे. पण दिवसाला शेकडो किटल्या रंगविण्याची गरज तिला का पडत होती? एका किटलीमागे हातात काय पडत असेल? आमच्या एका उपासिकेने विड्या वळणाऱ्या आपल्या आईची आठवण सांगितली. तिचाही हात न पाहता चाले, आणि तो न पाहता चालावा म्हणूनच संध्याकाळी घरात पीठ येई. त्याच माशिकोमध्ये १९२४ पासून काम करणारे हामादा भांड्यावर सही करीत नसत, हे त्यांच्या नम्रतेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु भांड्यांची किंमत त्यांच्या नावानेच ठरत असे, आणि १९५५ साली सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान दिला. नाव असलेला मनुष्य नाव न लिहिण्याची निवड करू शकतो. मासूपुढे ती निवड नव्हती.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्रातील बौद्ध लेणी ही कारागिरांच्या अनामतेची स्मारके नाहीत. याच रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात कोंडाणे येथे जे लेणे आहे, त्यावरील ब्राह्मी लेखात ते कण्हाचा शिष्य बलक याने केले असे कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने स्वतःचे आणि आपल्या गुरूचे नाव दगडात लिहिले. कार्ले येथील चैत्याच्या दर्शनी भागी धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचे नाव त्याच्या पित्याच्या नावासह आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या तळहातावर कण्हदास या सोनाराचे नाव आहे. खांबहून फार दूर नसलेल्या कुडा लेण्यांत महाभोजांच्या कुळातील दात्यांबरोबरच माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी आणि भिक्खुणी यांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. राजकुळाची व्यक्ती आणि माळी एकाच डोंगरात, एकाच लिपीत, शेजारी शेजारी. नाव लिहिल्याने त्यांच्या कलेतील सौंदर्य उणावले असे या लेण्यांसमोर उभे राहून कोणी म्हणेल असे वाटत नाही.

कुंभारांचा उल्लेखही आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने भिक्खुसंघातील रुग्णांच्या औषधपाण्यासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. त्यांत ‘कुलरिक’ श्रेणीकडे एक हजार कार्षापण ठेवल्याचे नमूद आहे, आणि कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ सामान्यतः केला जातो. ज्या समूहाकडे परदेशी वंशाची एक स्त्री संघाच्या आजारी भिक्खूंचा पैसा विश्वासाने ठेवते, त्या समूहाला हिशेब होता, पत होती, सामूहिक सही होती. परंपरेच्या प्रवाहात वाहत जाणारा अजाण जीव असे त्यांचे चित्र रंगविता येणार नाही.

पालि वाङ्मयातील कुंभारांचा विचार करताना आमच्या वाचनवर्गाला जो आनंद झाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मज्झिम निकायातील घटिकार सुत्तात घटिकार नावाचा कुंभार आहे. (पूर्वजन्माची चौकट येथे बाजूला ठेवू, कथेतील माणसे पाहू.) तो आंधळ्या वृद्ध आईबापांना सांभाळतो. कुदळ लावून जमीन खणत नाही; दरड कोसळून पडलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती घेतो. भांडी करून ठेवतो आणि सांगतो की ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, काय ठेवावयाचे ते ठेवावे आणि भांडे न्यावे. त्याचा मित्र जोतिपाल हा ब्राह्मण तरुण कस्सप बुद्धाला भेटावयास तयार नसतो. मुंडक्या श्रमणाला काय भेटावयाचे, असे तो म्हणतो. तेव्हा नुकतेच न्हालेल्या त्या ब्राह्मणाचे केस कुंभार हातात धरतो. हीन जातीचा असूनही हा आपले केस धरण्यास धजला, त्या अर्थी गोष्ट सामान्य नसावी, असे जोतिपालाला वाटते आणि तो निघतो. राजा किकी या कुंभाराच्या घरी पाचशे गाड्या तांदूळ पाठवितो. कुंभार ते परत करतो, राजाला पुष्कळ कामे असतात, त्यालाच ते असू द्यावे, असे म्हणून. या कुंभाराला नाव आहे, मत आहे, मैत्री आहे आणि नकार देण्याची ताकद आहे.

दुसरा कुंभार याच्या उलट. विनयपिटकात धनिय नावाचा कुंभारपुत्र भिक्खू येतो. त्याची गवताची झोपडी लोक पुन्हा पुन्हा मोडून नेतात, तेव्हा तो आपल्या कुलकसबाच्या बळावर सबंध मातीची कुटी बांधतो आणि गवत, लाकूड, शेण जाळून ती भाजून काढतो. ती तांबडीलाल, देखणी होते, वाजविली तर घंटेसारखी वाजते. तथागत ती पाहतात आणि मोडण्यास सांगतात. भाजताना जीवजंतू मेले, या मनुष्याच्या ठायी करुणा नाही, हे कारण. सौंदर्याविषयी धम्माचे मत काय, असा प्रश्न यानागी यांनी महायान सूत्रांना विचारला. विनयाला विचारला असता तर तेथे उत्तर असे आहे : वस्तू किती सुंदर झाली यापेक्षा ती होताना कोणाला काय सोसावे लागले हे आधी पाहिले जाते.

त्याच विनयात आणखी एक नियम आहे. पाचित्तियाच्या दुसऱ्या शिक्षापदात अपमानकारक बोलण्याचा निषेध करताना लोक ज्यांना ‘हीन शिल्प’ म्हणतात त्यांची यादी दिली आहे : बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम, न्हावीकाम. यांपैकी कशाचाही उल्लेख करून भिक्खूला हिणवणे हा दोष ठरविला आहे. संघाने हे कसब पवित्र आहे असे म्हटले नाही आणि त्यात निर्वाण आहे असेही म्हटले नाही. त्यावरून कोणाला हिणवू नये, एवढेच म्हटले. आणि ज्याला ते सोडून भिक्खू व्हावयाचे त्याला दार उघडे ठेवले.

भांड्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या देशात समोरासमोर उभ्या होत्या, असे आम्हांस वाटते. संघात भिक्षापात्र लोखंडाचे किंवा मातीचे, सोन्याचांदीचे नव्हे. आणि पात्राला पाचांपेक्षा कमी सांधे असताना ते टाकून नवे मिळविणे हा दोष. फुटलेले सांधावे आणि वापरावे. जपानात फुटलेला वाडगा लाखेने जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावतात, त्याचे जगभर कौतुक होते. भिक्खूच्या पात्राच्या सांध्याला सोने नव्हते, तरी मोल तेच होते. याच्या उलट गावगाड्यात मातीचे भांडे विटाळले की फोडावयाचे, कारण धातू घासता येतो आणि माती विटाळ शोषून घेते अशी समजूत. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात गाडगे बांधावे असा दंडक होता, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात नमूद केले आहे. ते गाडगेही कोणा अनाम कुंभारानेच घडविलेले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण भरून १०८ घागरी त्यात बुडविल्या. त्याही मातीच्या होत्या. खांबपासून महाड एकाच रस्त्यावर आहे. आम्हांला मातीच्या घागरीकडे केवळ रेषा आणि रंग म्हणून पाहता येत नाही, आणि पाहावे असेही वाटत नाही.

कुंभार या व्यवस्थेचा स्वामी नव्हता. तो बलुतेदार होता. त्याच्या वरही थर होते आणि खालीही. आपल्या पूर्वजांशी त्याने अंतर राखले आणि त्याच्याशी वरच्यांनी. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली ती हीच. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त ध्यानी घेतला म्हणजे यानागी यांच्या विचाराचा धोका नेमका कोठे आहे ते कळते. ओन्तातील धाकटा मुलगा गाव सोडून दुसरा व्यवसाय करू शकत होता. त्याला कोणी धर्मभ्रष्ट म्हटले नाही. आपल्याकडे ‘परंपरेने हात चालतो, शिक्षणाने बिघडतो’ हे वाक्य सौंदर्यशास्त्र म्हणून राहत नाही, त्याचे लगेच समाजशास्त्र होते. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली, ती ‘कुलशिक्षण’ म्हणून लोकांनी धिक्कारली आणि पुढे रद्द झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अठरा व्यवसायांसाठी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली, त्यांत कुंभारही आहेत. कारागिराला कर्ज व अवजारे मिळावीत याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु योजनेच्या उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपरा अथवा कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्ये बळकट करण्याची भाषा आहे, आणि कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची अट नको असे म्हणत तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. यानागी हे या योजनेचे जनक नव्हेत. पण त्यांचा ग्रंथ वाचून आलेला एखादा सद्‌भावी रसिक या भाषेत धम्म पाहील, अशी आम्हांस साधार भीती वाटते.

‘परबला’विषयी अधिक लिहीत नाही. तथागत हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे. कारागिराला परंपरेची कृपा तारीत नाही, त्याचा स्वतःचा उद्योग तारतो. आणि कधीकधी तो उद्योग सोडण्याचे स्वातंत्र्य तारते.

हे सर्व म्हटल्यावर ग्रंथ टाकून द्यावा असे आमचे मत आहे काय? नाही. साध्या वस्तूकडे आदराने पाहण्याची यानागी यांची दृष्टी आपल्या विहारांना उपयोगी आहे. विहाराची शोभा म्हणजे प्लास्टिकची फुले आणि लुकलुकणारे दिवे अशी समजूत वाढत चालली आहे, तिला या ग्रंथाची काही पाने औषध ठरतील. ती पाने वाचून झाल्यावर आमच्या वाचनवर्गातील त्याच वृद्ध उपासकांनी विहारातील पाण्याच्या रांजणाकडे बोट दाखविले. तो ज्या कुंभाराकडून घेतला त्यांचे नाव काय, असे त्यांनी विचारले. कोणालाही सांगता आले नाही. जमाखर्चाची वही काढून पाहिली, तेव्हा तीत ‘रांजण, एक’ एवढेच लिहिलेले होते आणि पुढे रक्कम. नेहमीच्या गाडीवाल्याकडे चौकशी करून ते नाव आता वहीत नोंदविले आहे.

या ग्रंथाचा मराठी अनुवाद व्हावा अशी आमची सूचना आहे. किझाएमोनवरील निबंध त्यात अवश्य असावा, मात्र त्यासोबत मोरन यांच्या ओन्ताविषयक अभ्यासाचा सारांश आणि घटिकार सुत्ताचा पूर्ण अनुवाद छापला जावा. पुढील रविवारी आम्ही ते सुत्त पुन्हा वाचणार आहोत. पाऊस उघडल्यावर कोंडाण्यास जाऊन बलकाचा लेखही पाहून यावयाचे ठरले आहे.